आधी मोज, मग नाव दे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून लगेच उत्तर लिहायला बसले. सकाळपर्यंत थांबले असते तर राग निवळला असता, आणि तो थोडा तरी तुझ्यापर्यंत पोचायला हवा. नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी विचारलं, "पेशंटला आठ तास लघवी नाही, ह्याला काय म्हणशील?" तू म्हणालीस, "अ‍ॅन्युरिया." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुलीला हाक मारली. त्यावर तू ठरवून टाकलंस की मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ह्या टर्म्स कधीच जमणार नाहीत. हॉस्टेलवर रात्रभर ऑलिग्युरिया, पॉलियुरिया, डिसयुरिया असं वहीत गिरवत बसलीस.

वही बंद कर. गिरवून काही होत नाही.

आठ तास लघवी नाही, एवढ्या एका वाक्यावर कुणालाच नाव देता येत नाही. मलाही नाही. तू उलट विचारायला हवं होतंस. ओटीपोटाला हात लावून पाहिलं का? कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आहे का, आणि असेल तर ती कुठं दबलीय का? सकाळपासून तोंडाने किती गेलं, सलाईन किती गेलं? वजन किती? हे विचारलं असतंस आणि नाव चुकलं असतं तरी मी तुला पेढे दिले असते.

अ‍ॅन्युरिया म्हणजे 24 तासांत 100 मिलीच्याही आत. किडनी लघवी तयारच करत नाही, नाहीतर दोन्ही बाजूंनी वरच अडलेलं असतं. रिटेन्शन म्हणजे किडनीचं काम नीट चाललंय, मूत्राशय भरलंय, बाहेर पडायला वाट नाही. बाहेरून दोघेही सारखेच दिसतात. घरचे दोघांबद्दल एकच सांगतात, "लघवी तटल्या बघा सकाळधरनं." एकाला कॅथेटर घातला की तो डोळे मिटून हुश्श करतो. दुसऱ्याला घातला तरी पिशवी कोरडीच राहते, आणि मग डॉक्टरांना झोपेतून उठवावं लागतं. ह्या दोघांमधला फरक शब्दकोशात नाही, ओटीपोटावर ठेवलेल्या तळहातात आहे. आधी मोज, मग नाव दे.

गडहिंग्लजकडचे एक आजोबा होते. नोटवर इनकॉन्टिनन्स लिहिलेलं, म्हणजे लघवीवर ताबा नाही. सून सांगत होती, "हुतीय की लघवी, चादर भिजतीया सारखी." आजोबा कुशीवरून कुशीवर वळत होते, घाम आलेला, कुणाशी धड बोलेनात. चादर वर केली तर पोट बेंबीपर्यंत गोल वर आलेलं. बोटांनी ठोकून पाहिलं तर आवाज भरीव, घट्ट. मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिली मावतं. प्रोस्टेटने, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीने, वाट अडवली, आत साठत गेलं, आणि मावेना झालं तेव्हा वरचं थेंब थेंब ओघळायला लागलं. त्या ओघळण्यालाच सगळे लघवी होणं समजत होते. डॉक्टरांनी कॅथेटर घातला आणि लिटरभराच्या वर निघाली. मी जगने मोजून, वेळ घालून लिहिली. आजोबांनी पहिल्यांदा चहा मागितला. चादर भिजतेय हे सगळ्यांना दिसत होतं, पण किती निघतेय हे कुणी मोजलं नव्हतं. मोजलं असतं तर ते नाव लिहायला हात धजावला नसता.

आता तुझ्या त्या यादीकडे येते. यादी अवघड नाही, तीन ओळींत संपते. शेवटी युरिया आलं की लघवीची गोष्ट चालू आहे. पुढे ऑलिग म्हणजे कमी, पॉलि म्हणजे जास्त, नॉक्ट म्हणजे रात्रीची, डिस म्हणजे त्रासाची, हिमॅट म्हणजे रक्ताची, पायुरियातलं पाय म्हणजे पुवाची. एवढं तुला एका जेवणाच्या सुट्टीत येईल. मराठी माध्यमाचं कारण मला पुन्हा सांगू नकोस, मीही त्याच माध्यमातली. नेफ्रो आणि रीनल दोन्ही किडनीचेच तर दोन शब्द कशाला, असं तू विचारलंयस. एक ग्रीक, एक लॅटिन, दोन्ही राहिले. शाळेत वृक्क शिकलीस तसे आणखी दोन. त्यावर रात्र घालवू नकोस.

रात्र घालवायची असेल तर ह्यावर घालव. बाई सांगते, "सारखी लघवीला जायला लागतंय." तू लगेच पॉलियुरिया लिहिणार. थांब. पॉलियुरिया म्हणजे दिवसाला 3 लिटरच्या वर. सारखं जाणं आणि जास्त होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. उन्हाळी लागलेली बाई वीस वेळा जाते आणि दर वेळी चमचाभर होते, तिला जंतुसंसर्ग असेल. शुगर वाढलेली बाई तेवढ्याच वेळा जाते आणि दर वेळी भांडं भरते. दोघी एकच वाक्य बोलतात. एका दिवसाचं माप घेतलंस तर दोघी वेगळ्या होतात, नाहीतर नाही. लघवी लाल दिसली म्हणून लगेच हिमॅट्युरिया लिहिणारीही मला चालत नाही. टीबीची रिफॅम्पिसिन चालू असली की लघवी केशरी-लाल होते, बीट खाल्लं तरी काहींना होते. शिरोली एमआयडीसीत भट्टीपुढे आठ तास उभा राहिलेला फाउंड्रीतला माणूस पाणी न पिता आला की त्याची चहासारखी गडद दिसते. औषधं विचार, खाणं विचार, नमुना लॅबला पाठव. मग नाव.

आणि तो आकडा पाठ कर, जो तुमच्या यादीत कुणी घातलेला नाही. किलोमागे, तासाला अर्धा मिली. 60 किलोच्या बाईला तासाला 30. सलग सहा तास त्याच्या खाली राहिलं तर किडनीला अचानक इजा होत असल्याची ती पहिली पायरी धरतात, 2012 पासून जगभर हीच व्याख्या चालते. आता हे नीट ऐक. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो कचरा, वाढायला एक-दोन दिवस लागतात. लघवी बऱ्याचदा त्याच्या कितीतरी आधी, काही तासांत कमी होते. म्हणजे लॅबच्या रिपोर्टच्या आधी हा आजार कुणाला कळू शकतो? दर तासाला वाकून युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, बघणाऱ्या मुलीला. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला 180 लिटर गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं रक्तात परत घेतात. खाली येतं ते लिटर-दीड लिटर. तेवढंच आपल्या हाती लागतं. ते तरी नीट मोजशील की नाही?

म्हणून मला अ‍ॅडिक्वेट ह्या शब्दाचा संताप आहे. चार्टवर लिहितात, युरीन आउटपुट अ‍ॅडिक्वेट. किती? नाही माहीत. पुरेशी. कुणाला पुरेशी? किंवा पी.यू. म्हणजे लघवी झाली, आणि पुढे एक अधिकचं चिन्ह. पुढच्या शिफ्टच्या मुलीने त्या चिन्हातून काय समजायचं? कापूर घातलेल्या पाण्यासारखा तो चार्ट वास देतो, हाती काही लागत नाही.

तुला माहीत आहे मी एका खासगी दवाखान्यातली बरी नोकरी सोडली. का सोडली ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. तिथं आय-ओ चार्ट, म्हणजे पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं त्याचा तक्ता, शिफ्टच्या शेवटी एका बैठकीत भरायचे. आठ तासांचे आठ आकडे, एकाच पेनने, एकाच हाताने, सगळे गोल. 50, 50, 60, 50. मी भरेना. मला सांगितलं गेलं की माणसं कमी आहेत, जमवून घ्या, सगळीकडे असंच चालतं. माणसं कमी होती हे खरं होतं. मी म्हटलं, मग रिकामी जागा सोडा, रिकाम्या जागेवरून डॉक्टरांना एवढं तरी कळेल की मोजलेलं नाही. खोटा आकडा रिकाम्या जागेपेक्षा वाईट. त्यांना ते पटलं नाही, आणि मी निघाले. पगार गेला, इन्चार्जची जागा येणार होती ती गेली. घरी बरेच दिवस कुणी माझ्याशी नीट बोललं नाही.

हळहळ वाटते ती पगाराची नाही. माझ्या हाताखाली तिथं तीन-चार मुली तयार होत होत्या. मी गेल्यावर त्या पुन्हा गोल आकडे लिहायला लागल्या, असं कानावर आलं. मी राहायला हवं होतं, रोज भांडायला हवं होतं, असं माझी बहीण आजही म्हणते. पण राहिले असते तर कधी ना कधी मीही 50 लिहिलं असतं. दमलेला माणूस लिहितो. मी स्वतःला ओळखते, म्हणून निघाले. हट्टी म्हण, काय म्हणायचं ते म्हण. त्या हट्टावरच मी पुढची सगळी वर्षं ताठ मानेने ड्युटी केली, आणि आज तुला हे लिहायचा हक्क मला तिथूनच आलाय.

बरं. युरेटर आणि युरेथ्रा. तुझा गोंधळ दोन अक्षरांचा आहे, तोही मापाने सुटतो. युरेटर दोन, किडनीपासून मूत्राशयापर्यंत, प्रत्येकी 25 ते 30 सेंटिमीटर. मुतखडा तिथं अडकला की कळ कंबरेतून निघून जांघेत उतरते आणि माणूस एका जागी बसू शकत नाही. युरेथ्रा एकच, मूत्राशयापासून बाहेर. पुरुषात साधारण 20 सेंटिमीटर, बाईत फक्त 4. ते 4 लक्षात ठेव. बायकांना उन्हाळी इतकी का लागते त्याचं मोठं उत्तर त्या 4 सेंटिमीटरमध्ये आहे, जंतूंना मूत्राशय गाठायला फार चालावं लागत नाही. पहिला कॅथेटर स्वतःच्या हाताने घातलास की ही दोन नावं आयुष्यात पुन्हा बदलणार नाहीत.

ह्याच बायकांवरून एक सांगते. आपल्याकडे गळीत हंगामात बीडकडून ऊसतोडीला टोळ्या येतात. त्यातल्या बायकांना मी ओपीडीत विचारायची, दिवसात पाणी किती पिता? "प्यायलं की जावं लागतंय बाई, अन् जायचं कुठं?" मग त्या पीतच नाहीत, आणि आलेली दाबून धरतात. मध्य अमेरिकेत प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर ऊसतोड मजुरांमध्ये शुगर नाही, बीपी नाही आणि तरी किडन्या निकामी होतात असा आजार दिसला. उन्हातलं कष्टाचं काम आणि पाण्याची तूट हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात. आपल्या फडातल्या बायकांना किती तासांनी किती लघवी होते, हे तिथं जाऊन कोण मोजतं? तू राधानगरीची, तुझ्या गावाच्या शिवारात फड पडतात. ह्या बायका तुझ्याशी बोलतील, मॅडम दिसणाऱ्या मुलीशी बोलणार नाहीत. तुझी भाषा त्यांच्यापाशी कामाला येते. तिला लाजत बसलीस तर मात्र मी खरंच रागावेन.

सोमवारपासून तुझी फीमेल मेडिकलला पोस्टिंग आहे ना? गेल्या गेल्या मोजायचा जग कुठं ठेवतात ते मावशींना विचार. खुणा पुसलेल्या असतील तर इन्चार्ज सिस्टरांना नवीन जगचा इंडेंट, म्हणजे मागणीची चिठ्ठी, टाकायला सांग, आणि आणखी एकदा आठवण कर. लघवी जगमध्ये घेतलीस की जग सपाट जागेवर ठेवून, डोळा रेषेच्या पातळीला आणून वाच, हातात तिरका धरून नाही. युरोबॅगवरच्या खुणांवर फार विसंबू नकोस, पिशवी फुगली की त्या फसवतात. जगमध्ये उतरवून घे. वेळ लिही, आकडा लिही, रंग लिही. मोजता आलं नाही तर मोजलं नाही असं लिही आणि सही कर. शुक्रवारी एका पेशंटचा पूर्ण 24 तासांचा चार्ट वहीत उतरवून घे, नाव-नंबर न घालता, आणि शनिवारी ड्युटी सुटली की घरी ये. आकडे मी बघते, त्यांना नाव काय द्यायचं ते तू सांग.

तुझी,
सिस्टर