जुनी हॉबी १६ घ्यायची की वेव्ह? आधी हल दाबून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेझर (एका माणसाची छोटी शिडाची बोट) बरीच चालवलीत, आता दोन हलची बोट हवी आहे. हल म्हणजे बोटीचं पाण्यावर तरंगणारं लांबट अंग. अमेरिकेतल्या मेरीलंडमध्ये, चेसापीक उपसागराच्या काठी, एक जुनी हॉबी १६ ट्रेलरसकट स्वस्तात मिळतेय आणि दुसरीकडे जरा महाग हॉबी वेव्ह आहे. बहुतेक वेळा एकटेच जाणार, हेही तुम्ही लिहिलंय, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. पण आधी १६ बद्दल.

जुन्या १६ मध्ये पैसे मोजायचे ते हलचे. शीड, दोऱ्या, तारा, ट्रॅम्पोलिन, सुकाणूचे भाग, सगळं आजही नवीन मिळतं. हल मऊ पडले असतील तर ती बोट फुकटसुद्धा आणू नका. हे हल म्हणजे फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि मध्ये फोम. वर्षानुवर्षं ताण आणि ओल सोसून थर फोमपासून सुटतो. वरून रंग चकचकीत दिसतो, फोटोत काहीच कळत नाही. ट्रॅम्पोलिनची (दोन हलच्या मधल्या, बसायच्या ताणलेल्या कापडाची) चौकट चार खांबांवर उभी असते. त्यातल्या पुढच्या खांबापासून नाळेच्या (हलच्या पुढच्या टोकाच्या) दिशेने वरच्या पृष्ठभागावर दोन्ही अंगठे रोवून वीतभर अंतराने दाबत जा. चांगला हल हलत नाही. सुटलेला आत जातो, कधी बारीक करकर ऐकू येते. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका: टणक आवाज येता येता मध्येच बद्द आला की तिथे खडूने खूण करा. तळहाताएवढा एखादा डाग बारीक भोकं पाडून इपॉक्सी (घट्ट होणारा चिकट राळ) भरून सावरता येतो. खांबाभोवतीच मऊ असेल तर सरळ नको म्हणा, कारण सगळा जोर तिथेच येतो.

बोट उलटी करायला मालक तयार असेल तर तळही बघा. ही बोट लाटांतून थेट वाळूवर चढवण्यासाठीच कॅलिफोर्नियात हॉबी ऑल्टर यांनी काढली. हल बाहेरून सपाट, आतून फुगीर, त्यामुळे डॅगरबोर्ड (बोट बाजूला सरकू नये म्हणून पाण्यात खाली सोडायची फळी) लागतच नाही. उथळ चेसापीकमध्ये हे फार सोयीचं आहे. पण वाळूवर ओढून ओढून तळाची कड झिजते, तिथे बोटाने दाबून पातळपणा कळतो.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या उभ्या तारा जुन्या असतील तर न बघताच बदला, त्या तुटल्या की डोलकाठी खाली येते. डोलकाठी पूर्ण ॲल्युमिनियमची आहे का, तेही विचारा. ऐंशीच्या दशकात वरचा भाग वीज न वाहणाऱ्या कंपोझिटचा (फायबरसारख्या मिश्र पदार्थाचा) करायला लागले, कारण काठ्या विजेच्या तारांना लागून माणसं दगावली होती. टोक कुठलंही असो, काठी उभी करण्याआधी आणि ट्रेलर ढकलण्याआधी वर बघायचंच.

आता एकट्याचा प्रश्न. १६ आडवी झाली की ती उभी करायला साधारण १३०-१३५ किलो वजन लागतं, म्हणजे दोन माणसं. आणि ती आडवी होते. वारा ज्या बाजूला ढकलतो त्या बाजूच्या हलची नाळ पाण्यात घुसली की बोट पुढच्या पुढे कोलांटी घेते, आणि चेसापीकच्या आखूड, उभ्या लाटांत हे पटकन होतं. लेझरच्या सवयीने सुकाणू झटक्यात वळवलंत तर टॅक करताना (नाळ वाऱ्यातून पलीकडे वळवताना) ती वाऱ्यात तोंड करून थांबेल. सुकाणू सावकाश वळवा, मोठं शीड सैल सोडा, आणि नाळ वाऱ्यापलीकडे जाईपर्यंत जिब (पुढचं लहान शीड) जुन्याच बाजूला धरून ठेवा, वारा तिला ढकलून देतो. हे एकट्याने जमतं, पण पहिल्या हंगामात सोबत कोणी असलेलं बरं.

म्हणून नियमित जोडीदार मिळत नसेल तर वेव्ह घ्या. ती वेगात मागे पडते, जोराचा वारा असेल त्या दिवशी हे जाणवेलच. पण हल प्लास्टिकचे, एका साच्यात ओतलेले, त्यामुळे थर सुटण्याची भानगडच नाही, आणि एकटा माणूस ती सांभाळू शकतो. बऱ्याच वेव्हच्या डोलकाठीच्या टोकाला तरंगणारा फुगा असतो, तो असलेली घ्या. बोट पूर्ण पालथी होत नाही.

जोडीदार पक्का असेल आणि हल टणक निघाले, तर मात्र १६ सोडू नका. ट्रॅपीझवर (डोलकाठीला बांधलेल्या तारेवर) बोटीबाहेर लोंबकळत, एक हल पाण्याबाहेर उचलून जाण्यात जे आहे ते वेव्हवर नाही. रुंदी आठ फुटांच्या आत असल्यामुळे चौकट न उघडता रस्त्याने नेता येते. फक्त ट्रेलरची कागदपत्रं विक्रेत्याच्याच नावावर आहेत ना, हे पैसे देण्याआधी बघा, आणि चाकं हाताने फिरवून बेअरिंग घरघरत नाहीत ना ते ऐका. खाऱ्या पाण्यात बुडवलेले ट्रेलर तिथूनच जातात.