गजर कुणाच्या मालकीचा?

प्रश्न : मी पंचवटीत राहतो, निवृत्त शिक्षक आहे. माझे वडील भजनीबुवा होते. निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला त्यांनी कधी खाडा केला नाही. ते गेल्यावर घरातल्या जुन्या कॅसेटी भाच्याच्या मदतीने यूट्यूबवर चढवल्या. गेल्या महिन्यात एका म्युझिक कंपनीने तीन व्हिडिओंवर कॉपीराइटचा दावा केला. त्यातले दोन काढले गेले, चॅनेलवर दोन स्ट्राइक (यूट्यूबच्या ताकिदी) लागल्या. आता त्यांच्या वकिलाची नोटीस घरी आली आहे : सात दिवसांत दोन लाख भरा, नाहीतर तीन वर्षं तुरुंग. भाचा म्हणतो, नवे कायदे येतायत, व्हिडिओ चढायच्या आधीच अडवतील, त्यापेक्षा चॅनेलच बंद करू. वकीलताई, काय करू?

उत्तर : काका, चॅनेल बंद करू नका आणि एक रुपयाही पाठवू नका. सात दिवसांची मुदत नोटीस लिहिणाऱ्याने घातली आहे, कायद्याने नाही. पण म्हणून नोटीस केराच्या टोपलीतही टाकू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड खरोखरच आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. मात्र कलमातला कळीचा शब्द ‘जाणूनबुजून’ हा आहे. तुम्ही गप्प बसलात, तर उद्या तेच म्हणतील की कळवूनही ऐकलं नाही. म्हणून लेखी उत्तर जायला हवं.

तुमच्या भाच्याने पाठवलेल्या तिन्ही फाइली मी हेडफोन लावून ऐकल्या. तिघींची जात वेगळी आहे, त्यांना एकच औषध चालणार नाही.

पहिली गजराची. वडील घसा खाकरतात, पखवाजावर थाप पडते आणि ‘जय जय राम कृष्ण हरी’ सुरू होतं. कंपनीचा दावा नेमका या गजरापासून पुढच्या अभंगापर्यंतच्या तुकड्यावर आहे. आता इथे तीन गोष्टी सुट्या करून बघायच्या : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. आपल्या कायद्यात तिन्हींची मालकी वेगवेगळी असू शकते. गजर परंपरेचा, अभंगाचे शब्द तुकोबांचे, दोन्हींवर कुणाचाच हक्क नाही. (तुम्ही पत्रात पुढे कुसुमाग्रजांच्या कविता वाचून टाकायचा बेत लिहिलाय, तिथे मात्र जपून. कवी गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो. तात्यासाहेब १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणार.) चाल तुमच्या वडिलांना त्यांच्या गुरूंकडून मिळालेली, वारीत पिढ्यान् पिढ्या म्हटली जाणारी. ती कुणा एका संगीतकाराची नाही.

उरलं ध्वनिमुद्रण. आणि इथे तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाने साक्ष दिली आहे. अभंगाच्या दुसऱ्या चरणात मागे टोले पडतात. मी मोजले, नऊ. कंपनीने ज्या आल्बमचं नाव दिलंय तो मी मुद्दाम ऐकला. त्यात घड्याळ नाही, खाकरणं नाही, आणि पखवाजाऐवजी तबला आहे. त्यांची ध्वनिफीत तुम्ही उचललेली नाही, एवढं सिद्ध करायला मला दुसरा साक्षीदार नको. सारखी गाणी शोधणाऱ्या मशीनला सुरांचा सारखेपणा कळला, टोले कळले नाहीत.

ध्वनिमुद्रणाचा मालक तो, ज्याने पुढाकार घेऊन आणि जबाबदारी उचलून ते केलं. १९९७ साली तुमच्या थोरल्या भावाने घरच्या टेपरेकॉर्डरवर ही कॅसेट भरली, म्हणजे हक्क घरातच आहे. नोटिशीत रजिस्ट्रेशनचा दाखला मागितलाय, त्याला घाबरू नका. आपल्याकडे कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही, निर्मिती झाली की हक्क आपोआप येतो. मात्र पखवाज वाजवणाऱ्या काकांचा कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क असतो, पन्नास वर्षांचा. ते हयात आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्याकडून चार ओळींचं संमतिपत्र घेऊन ठेवा.

दुसरी फाइल अवघड आहे. ती कॅसेट मेनरोडवरच्या एका दुकानदाराने स्वतःच्या खर्चाने भरून घेतली आणि त्याच वर्षी, म्हणजे १९९७ मध्येच, विकली, असं तुम्हीच लिहिता. गायले वडील, पण पुढाकार दुकानदाराचा. मग ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याचा, तोही साठ वर्षं, २०५७ संपेपर्यंत. त्या दुकानाचा माल पुढे या कंपनीने विकत घेतला असेल, तर तिचा दावा खरा असू शकतो. तेव्हा उत्तरात एवढंच विचारा : हक्क तुमच्याकडे कोणत्या कागदाने आला, त्याची प्रत पाठवा. प्रत येईपर्यंत तो व्हिडिओ परत चढवू नका. बापाचा आवाज आणि मालकी दुसऱ्याची, हे मनाला लागतं, पण कायदा तसा आहे.

तिसऱ्यावर स्ट्राइक नाही, फक्त दावा आहे. तुम्ही यात्रेत मोबाइलवर घेतलेलं हे चित्रण. दिंडी चाललीय आणि बाजूच्या मांडवातल्या कर्ण्यावर एक गाजलेलं गाणं वाजतंय. तुम्हाला वाटेल, मी कुठे गाणं लावलं? आपल्या कायद्यात चित्रणाच्या पार्श्वभूमीला ओझरतं आलेलं चित्र किंवा शिल्प चालतं, पण ओझरत्या गाण्याला तशी स्पष्ट सूट नाही. धार्मिक समारंभात गाणं वाजवायला सूट आहे. त्याचं चित्रण नेटवर टाकणं हा वेगळा मुद्दा होतो. चाळीस सेकंदांसाठी भांडू नका, तेवढा आवाज बंद करा आणि मोकळे व्हा.

आता गजराचा व्हिडिओ परत कसा आणायचा? यूट्यूबवर प्रतिसूचना देण्याची सोय आहे. ती दिली की दावेदाराने दहा कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायचा, नाहीतर व्हिडिओ परत येतो. फॉर्मवर सही करण्याआधी वाचा मात्र. भारतात राहणाऱ्यालाही त्यात कॅलिफोर्नियातल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं आणि तुमचा नाव-पत्ता दावेदाराकडे जातो. पत्ता तर त्यांच्याकडे आहेच, नोटीस आली ना घरी. कॅलिफोर्नियाच्या कलमाने पोटात गोळा येतो हे खरं, आणि अनेक जण तिथेच माघार घेतात. तुमच्या गजरापुरती मी सही करा म्हणेन, कारण टोले तुमच्या बाजूने आहेत. दुसऱ्या व्हिडिओसाठी अजिबात नको. आणि तोवर नवीन काही चढवू नका : नव्वद दिवसांत तिसरी स्ट्राइक लागली तर अख्खं चॅनेल जाऊ शकतं.

आपल्या २०१३ च्या कॉपीराइट नियमांत (नियम ७५) याच धर्तीची व्यवस्था आहे. तक्रार आल्यावर छत्तीस तासांत मजकूर खाली, पण तक्रारदाराने एकवीस दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर परत वर आणता येतो. धमकी देणाऱ्याविरुद्ध कॉपीराइट कायद्यात कलम ६० आहे. विनाकारण धमक्या देतो म्हणून तुम्हीच दावा लावून मनाई आणि नुकसानभरपाई मागू शकता; त्यांनी उल्लंघनाचा दावा रीतसर दाखल करून चालवला, तर मात्र हे हत्यार राहत नाही. उत्तरात या कलमाचा उल्लेख करा. सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) आपल्या जिल्हा न्यायालयात जायची वेळ बहुधा येणार नाही.

भाच्याची भीती मात्र पोकळ नाही. युरोपीय संघाने २०१९ मध्ये कायदा केला. त्याच्या कलम १७ ने मोठ्या साइटवर जबाबदारी टाकली, की हक्कदाराने कळवलेली कामं मुळात चढूच नयेत यासाठी पराकाष्ठा करा. पोलंड त्याविरुद्ध संघाच्याच कोर्टात गेला आणि २०२२ मध्ये हरला, पण कायदेशीर मजकूर अडवणारी चाळणी चालणार नाही, असंही त्या कोर्टाने बजावलं. अमेरिकेत असंच कडक विधेयक आलं, तेव्हा १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया दिवसभर काळा राहिला आणि विधेयक बासनात गेलं. आपल्याकडे कॉपीराइटसाठी अशी सक्तीची पूर्वतपासणी आज नाही. मायस्पेस या साइटच्या खटल्यात दिल्ली हायकोर्टाने २०१६ मध्ये म्हटलं, की साइटने प्रत्येक गोष्ट आधी तपासावी अशी अपेक्षा धरता येणार नाही, नेमकं काय ते हक्कदाराने दाखवून द्यावं.

निर्मात्यांचं दुखणं खोटं नाही. पहिल्याच आठवड्यात सिनेमा टेलिग्रामवर फिरतो, तेव्हा पोट त्यांचंच मारलं जातं. पण तपासणी चढवण्याआधी आली, तर तुमच्या बाबतीत काय झालं असतं ते बघा. आज व्हिडिओ खाली जातो, का गेला ते कळतं, कुणी पाडला ते कळतं, एकवीस दिवसांचं घड्याळ समोरच्याच्या डोक्यावर असतं. गजर दारातच अडला असता, तर ना नोटीस, ना मुदत, ना भांडायला कुणी समोर. कोर्टाची पायरी चढायचं ओझं कंपनीच्या खांद्यावरून उतरून तुमच्यावर आलं असतं. असा मसुदा आपल्याकडे कधी हरकतींसाठी आला, तर भाच्याला चॅनेल बंद करायला नका सांगू, हरकत लिहायला सांगा. हे नऊ टोले लिहिले तरी पुरे.

नोटिशीचं उत्तर नाशकातल्या एखाद्या वकिलाकडून स्पीड पोस्टाने पाठवा. जाताना मूळ कॅसेट प्लॅस्टिकच्या डबीसकट न्या. डबीवर भावाच्या हातची तारीख आहे, ती चिठ्ठी उकलू नका, आणि घड्याळ अजून चालू असेल तर त्याच्या टोल्यांचाही मोबाइलवर एक व्हिडिओ काढून ठेवा.