लालसरीचं डोकं, चिचुंद्रीचा नर

प्रश्न असा: तापीवरच्या हतनूर धरणावर दिसणाऱ्या लालसरी या बदकात लाल डोकं नराचं, मग नाव स्त्रीलिंगी कसं? आणि चिचुंद्रीच्या नराला 'चिचुंद्रा' म्हणावं का?

दुसरं आधी उरकतो. नको. पाल, घूस, खार, घार यांच्यातलीच चिचुंद्री. शब्दाचं लिंग वेगळं, प्राण्याचं वेगळं. 'चिचुंद्रीचा नर' म्हटलं की भागलं. शब्द संस्कृत 'छुच्छुन्दरी'च्या घरातला, आणि मला तरी तो तिच्या आवाजावरून पडलेला वाटतो. आमच्या भुसावळच्या घरात ती रात्री मोरीतून शिरते, भिंतीची कड धरून चिकचिक करत पळते आणि मागे असा दर्प ठेवते की सकाळी फडताळ उघडवत नाही. उंदीर मात्र नव्हे. तिचा जीव झुरळाकिड्यांवर. घरचे तिला उंदीर म्हणाले तर हसू नका, स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसनं १७६६ साली दिलेल्या शास्त्रीय नावातलं 'मुरिनस'सुद्धा 'उंदरासारखी' असंच सांगतं.

खरी गंमत लालसरीत. मराठी कानाला काळसर, गोडसर यांच्या रांगेतलं 'लालसर' ऐकू येतं, म्हणजे थोडंसं लाल. पण हिवाळ्यात तापी-पूर्णेच्या पाण्यावर मोठ्या लालसरीचा नर दुर्बिणीत धरून बघा: डोकं शेंदरी, फुगीर, चोच पोवळ्यासारखी. थोडंसं कुठलं! हिंदीत या बदकाला 'लालसर' म्हणतात. तिथला 'सर' म्हणजे डोकं, आपल्या 'सरदार'मधला. म्हणजे लाल डोक्याचा. मराठीनं पुढे 'ई' जोडली आणि पक्षी 'ती' झाला, असं मला वाटतं.

पंचाईत मादीची. तिच्या डोक्यावर तपकिरी टोपी, गाल फिकट. लाल काही नाही. छोटी लालसरी ही जात वेगळी, पण तिच्यातही तांबडं डोकं नराचंच. मागे धरणाच्या काठावर सोबतच्या एकानं मादीकडे बोट करून विचारलंच, "हाई लालसरी कशी शे, भो?"

बोलताना घोळ होतो तो क्रियापदाचा: 'नर लालसरी बुडी मारते' की 'मारतो'? पहिलं कानाला खुपतं, दुसरं व्याकरणाला. 'लालसरीचा नर बुडी मारतो' म्हणा, दोन्ही सुटतं. मादीला नुसतं 'लालसरी' पुरे.