ट्यूब जपून वापरू नकोस

खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा सव्वातीन वर्षांचा, आठव्या महिन्यापासून इसब. कोपराच्या आत, गुडघ्यामागं, मनगटांवर, घोट्यांवर चट्टे. रात्रभर खाजवतो, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. सासूबाई म्हणतात, पोटात असताना हिनं वांगी खाल्ली म्हणून झालं. त्या त्याला करंजाचं तेल चोळतात, कडुलिंबाचा पाला उकळून कढत पाण्यानं आंघोळ घालतात. दूध, अंडी, शेंगदाणे बंद केलेत. बेळगावचे डॉक्टर झाले, झाडपाला झाला, कोल्हापूरचे डॉक्टर झाले. आता नणंद म्हणते, गोव्याला एक चांगले आहेत. आणि प्रश्न काय, तर "ताई, सासूबाईंना कसं समजावू?"

अगं, सासूबाईंचं राहू दे जरा. चार पानांच्या पत्रात तू एक ओळ कंसात लिहिली आहेस: "बेळगावच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम गणपतीत आणलेलं, अजून अर्ध्याच्या वर आहे, स्टेरॉइड आहे म्हणून मी जपून वापरते." मी त्या ओळीपाशीच अडकले. गणपतीपासून संक्रांतीपर्यंत वीस ग्रॅमची एक ट्यूब, आणि तीही अर्धी शिल्लक!

आता बस आणि माझ्याबरोबर हिशेब कर. तुझ्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढलीस की साधारण अर्धा ग्रॅम होतं. तेवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं, बोटं धरून. तू सांगतेस ते सगळे चट्टे मिळून सहा पंजांएवढे तरी असतील. म्हणजे रोज तीन पेरं, दीड ग्रॅम. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, रोज रात्री एकदा, दोन आठवडे. मग आठवड्यातून दोनच रात्री. चौदाव्या दिवशी ती ट्यूब संपायला हवी होती. तू शेंगदाण्याएवढं घेऊन सगळ्या अंगाला पुरवलंस, तेही फार खाजवायला लागला त्याच दिवशी. पोराला औषध मिळालंच नाही, बाई.

आणि पुढं काय झालं ते तुझ्याच पत्रात आहे. कोल्हापूरला तुझे मिस्टर आत गेले, तू रडणाऱ्या पोराला घेऊन बाहेर बाकावर. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "मलम लावतोय, पण फरक नाही." मग डॉक्टर काय करणार? त्यांनी पोटात घ्यायचं सिरप दिलं. पाच दिवसांत अंग साफ, आणि सिरप थांबल्यावर दहा दिवसांत दुपटीनं उसळलं. बाटलीवरचं नाव तू उतरवून पाठवलंस म्हणून बरं झालं. प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइडच, आणि ते सबंध शरीरात जातं. पोटातलं स्टेरॉइड थांबलं की इसब असं उलटून येतं, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. ज्या गोष्टीला तू चार महिने घाबरलीस ती तुझ्या न सांगण्यानं त्याच्या पोटात गेली. गोव्याला गेलीस तरी हेच होणार, कदाचित याहून कडक औषध मिळेल.

तुझी भीती आली कुठून, तेही मला कळलं. तुझ्या जावेनं मेडिकलमधून स्टेरॉइड असलेलं गोरं होण्याचं क्रीम आणलं, वर्षभर तोंडाला फासलं, आणि आता उन्हात गेली की चेहरा लालभडक होतो, शिरा दिसतात. ते खरं आहे, असं पुष्कळ बायकांचं झालंय. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून 2018 साली केंद्र सरकारनं त्यांना शेड्यूल एच मध्ये घातलं. पण चिठ्ठीशिवाय वर्षभर तोंडाला लावणं वेगळं, आणि डॉक्टरांनी वय बघून दिलेलं मलम दोन आठवडे कोपरा-गुडघ्यांना लावणं वेगळं. रोज रात्री दोनला उठून त्याचे हात धरून बसतेस तू. एवढी माया असलेल्या बाईनं जावेच्या चेहऱ्याला भिऊन पोराची कातडी सोलू द्यायची?

तेव्हा गोवा नाही, काही नाही. या आठवड्यात बेळगावला त्याच डॉक्टरांकडे जायचं. अर्धी ट्यूब, जुनी चिठ्ठी आणि सिरपची बाटली पिशवीत घालायची. आत तू जायचंस; पोर रडलं तर मिस्टर घेऊन बसतील बाहेर. आणि सांगायचं, "डॉक्टर, मी भीतीनं मलम लावलंच नाही." ते रागावतील, रागावू देत. ते कानडीत बोलायला लागले तर थांबवायचं आणि मराठीत सांगा म्हणायचं. कुठल्या जागेला किती पेरं, किती रात्री, चेहऱ्याला काय लावायचं, सगळं त्यांच्यासमोर कागदावर उतरवून घ्यायचं. तिथली फी झेपत नसेल तर बेळगावात बीम्सचं सरकारी रुग्णालय आहे, पण खरं तिथंही सांगायचं. दूध, अंडी, शेंगदाणे कशाच्या आधारावर बंद केलेत, हेही विचार. आपल्या मनानं बंद केलेत तसे आपल्या मनानं चालूही करू नकोस, त्यांना विचारून कर. वाढत्या पोराची ताकद त्यातच असते.

वांग्यानं काही झालेलं नाही. मिस्टरांना दमा आहे असं तू ओझरतं लिहिलंस. दमा आणि इसब एका घरात पुष्कळदा जोडीनं असतात. अशा मुलांची कातडी जन्मतःच ओल धरून ठेवत नाही. त्यात आपल्याकडं थंडीत पूर्वेचा कोरडा वारा सुटला की ती तडकते, खाज सुटते, खाजवलं की आणखी फाटते. अंगणवाडीतल्या पोरांना हे लागत नाही, तसं तिथल्या बाईंना ठणकावून सांग.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. तूच लिहिलंयस की पहाटेपर्यंत त्याच्या पाठीवर फुंकर घालत त्या बसतात. त्यांना काम दे. आंघोळ त्यांनीच घालावी, पण कोमट पाण्यानं, दहा मिनिटांच्या आत, पाला नाही, खसखसा घासणं नाही, नेहमीचा साबण नाही. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर आहे तोवर बिनवासाचं व्हॅसलीन सगळ्या अंगाला थापायचं. करंजाचं तेल फाटलेल्या कातडीला झोंबतं, ते बंद. दिवसातून दोन-तीनदा थापलं तर आठवड्याला पाव किलोसुद्धा लागतं, म्हणून मोठा डबाच आण. व्हॅसलीन कितीही लागू दे, मोजायचं ते फक्त मलम. इसब मुळापासून जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. ते येतं-जातं, आणि बऱ्याच मुलांचं वाढत्या वयात कमी होतं.

एकाच गोष्टीला थांबायचं नाही. चट्ट्यांवर पिवळी खपली धरली, पू आला, ताप चढला, किंवा पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचे घोस दिसले आणि ते दुखायला लागले, तर मलम, व्हॅसलीन सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी खानापूरचा सरकारी दवाखाना. तिथं भागलं नाही तर रात्र असली तरी सरळ बेळगाव.