पाण्याखाली जॅकेटमध्ये आपोआप हवा भरू लागल्यास काय करावे?

गोसेखुर्दच्या जलाशयात बचाव पथकासोबत उतरताना पाणबुड्याच्या जॅकेटचे (ज्यात हवा भरून किंवा सोडून पाण्यातले तरंगणे आवरले जाते) हवा भरणारे बटण अडकले तर काय करावे, असे आपण विचारले आहे. अशा वेळी टाकीतून जॅकेटकडे येणारी नळी ताबडतोब सोडवावी आणि त्याच वेळी हवा सोडणारी झडप उघडी धरावी. हवा वरच्या बाजूस साठत असल्याने शरीराच्या त्या क्षणीच्या स्थितीत सर्वांत उंच असलेली झडपच ओढावी. वर खेचले जात असल्यास हातपाय पसरून आडवे व्हावे, म्हणजे वेग कमी होतो. श्वास मात्र कधीही रोखू नये, कारण १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि तेथे छातीत कोंडलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होऊ पाहते, ज्यामुळे फुप्फुस फाटू शकते.

जॅकेट फाटून हवा धरतच नसेल, तर सोबत्याला धरून पायांनी पोहत सावकाश वर यावे आणि पृष्ठभागावर पोहोचताच खाली जाण्यासाठी पट्ट्यात बांधलेली वजने सोडून द्यावीत.

मालवणच्या समुद्रात प्रशिक्षण घेतलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी: गोडे पाणी शरीराला कमी उचलते, त्यामुळे समुद्रातील वजनपट्टा येथे जड ठरतो. आपल्याकडील तलावांचा बारीक गाळ बटणात शिरून ते अडकवू शकतो. म्हणून प्रत्येक बुडीनंतर ते स्वच्छ पाण्याने धुवावे, आणि नळी सोडवण्याचा सराव, हातमोजे घालून व डोळे मिटून, काठावरच पक्का करावा.