चिंतामणराव नक्की कोण?

प्रश्न : चिंतामणराव देशमुखांना कोणी आयसीएस (इंग्रजांच्या काळातली सनदी सेवा) अधिकारी म्हणतं, कोणी मंत्री, कोणी संस्कृत पंडित. खरं काय धरायचं? (एक वाचक, महाड)

उत्तर : अहो, तिन्ही खरंय! आणि माणूस तुमच्याच भागातला, महाडजवळच्या नाते गावचा. १९१२ ला मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ स्कॉलरशिप मिळवली, मग केंब्रिजला जाऊन शिकले काय तर बॉटनी, आणि १९१८ ला आयसीएसमध्ये पहिले आले. नोकरीची बरीच वर्षं मध्य प्रांत-वऱ्हाडात गेली, पुढे रिझर्व्ह बँक, आणि १९४३ ला तिचे पहिले भारतीय गव्हर्नर, म्हणजे इंग्रज अजून इथेच होते तेव्हा! पुढच्या वर्षी अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या आंतरराष्ट्रीय चलन परिषदेलाही गेले. १९५० ला अर्थमंत्री, पण १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला द्यायची की नाही या प्रश्नावर सरळ राजीनामा. आजच्या बाबू लोकांनी हे वाचावं असं वाटतं, असो. त्यानंतर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) अध्यक्ष, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. आणि या सगळ्या फायलींच्या धबडग्यात मेघदूताचा मराठी अनुवाद पण केला, कधी वेळ काढला देव जाणे. मला विचाराल तर आधी पंडित, मग साहेब.