अकरावीच्या मुलांकडून बेडकाचं विच्छेदन करून घ्यायचं आहे, सुरक्षिततेची काय काळजी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत नुकत्याच जीवशास्त्र शिकवायला लागलात, लॅबमध्ये मेणाचे ट्रे, कात्र्या, चिमटे आहेत, कपाटात फॉर्मेलिनच्या बरणीत जुने बेडूक आहेत आणि पाऊस लागला की शाळेमागच्या शेतात हवे तेवढे जिवंत मिळतात. तर मुलांना इजा न होता विच्छेदन कसं करवून घ्यावं?

हाच विषय शिकवत निवृत्त झालो, म्हणून स्पष्ट लिहितो. शेतातला बेडूक धरू नका आणि कपाटातला उघडू नका. विच्छेदन मात्र जरूर करा, पण माशाचं.

आधी शेतातल्याबद्दल. आपला मोठा बेडूक, ज्याला जुनी पुस्तकं राना टिग्रिना म्हणत, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याच्या तंगड्यांची निर्यात सरकारने १९८७ मध्ये बंद केली. गोव्यात हे कुणाला नव्याने सांगायला नको. मृगाच्या सरी पडल्या की 'जंपिंग चिकन' म्हणून बेडकाचं मांस विकणाऱ्यांच्या मागे वनखातं लागतंच. हॉटेलवाल्याला एक कायदा आणि मास्तरांना दुसरा, असं नसतं. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी काम भागत असेल तर शिक्षणसंस्थांनी प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, असं त्याचं सतरावं कलम सांगतं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०११ मध्ये विच्छेदन कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये कॉलेजच्या प्राणिशास्त्रातून ते काढूनच टाकलं. जे एम.एस्सी.च्या मुलांना करायला मिळत नाही, ते अकरावीला कशाला?

'आमच्या वेळी करायचे, काही बिघडलं का?' असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणेल. आमच्याही वेळी व्हायचं. गोणपाटाच्या पिशवीतून बेडूक यायचे, काचेच्या हंडीखाली क्लोरोफॉर्मचा बोळा ठेवायचा, आणि पोट उघडल्यावरही हृदय धडधडताना दिसायचं. त्यातून काहीच शिकलो नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आकृतीतले अवयव लाल-निळे-हिरवे असतात, खरे तसे नसतात. प्रत्येक अवयव पातळ पडद्याने बांधलेला असतो. कात्री अर्धा सेंटीमीटर खोल गेली की सगळं रक्ताने भरतं. हे हाताला कळायचं. पण हे सगळं ताजा मासाही शिकवतो. बरणीतला बेडूक शिकवत नाही, कारण फॉर्मेलिनमध्ये यकृत, आतडं, मूत्रपिंड सगळं एकाच करड्या रंगाचं आणि रबरासारखं होतं.

बरणीकडेच येतो, कारण तुमच्या लॅबमधला खरा धोका तिथे आहे. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याची बातमी आली तेव्हा सगळ्या गोव्याने मासे खायचे सोडले होते, परराज्यातून येणारी मासळी सरकारने काही दिवस अडवली होती. तेच फॉर्मेलिन, आणि कितीतरी जास्त, त्या बरणीत आहे. नमुने ठेवतात ते साधारण दहा टक्के फॉर्मेलिन, म्हणजे पाण्यात चारेक टक्के फॉर्माल्डिहाइड. दुकानातून येणाऱ्या बाटलीत ते ३७ ते ४० टक्के असतं. फॉर्माल्डिहाइड माणसात कॅन्सर करतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, दमेकरी मुलाला तिथेच धाप लागू शकते. आणि विच्छेदनात चेहरा ट्रेपासून वीतभर अंतरावर असतो, तोही तासभर.

म्हणून त्या बरण्या बंदच ठेवा आणि काचेतून दाखवा. झाकण सैल झालं असेल, पाणी खाली गेलं असेल तर मुलांसमोर वर घालायला जाऊ नका. आणखी एक गोष्ट पुष्कळ लॅबमध्ये कुणी बघत नाही: फॉर्मेलिनची बाटली आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली एकाच कपाटात शेजारी-शेजारी उभ्या असतात. दोघांच्या वाफा मिळून फार वाईट, कॅन्सरकारक रसायन तयार होऊ शकतं. आजच वेगळ्या करा. जुनं फॉर्मेलिन बेसिनमध्ये ओतू नका, गावात ते पाणी शेवटी कुणाच्या तरी विहिरीकडे जातं. प्राचार्यांमार्फत ते घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावं लागतं.

आता मासा. माझी पसंती शेवटा (मुलेट) या माशाला. तो गोव्याचा राज्यमासा आहे, खाजनात (नदीकाठच्या खाऱ्या पाण्याच्या शेतजमिनीत) आणि नदीच्या मुखाशी मिळतो, आणि त्याच्या पोटात एक मजा आहे: जठराचा एक भाग कोंबडीच्या पेट्यासारखा (गिझर्डसारखा) जाड, स्नायूंचा असतो. चिखलातलं शेवाळ आणि बारीक कुजकट तो गिळतो, ते तिथे रगडलं जातं, आणि पुढे आतडं लांबच लांब वेटोळ्यांचं. खाण्याचा आणि आतड्याच्या लांबीचा संबंध मुलांना फळ्यावर सांगावा लागत नाही, ती स्वतःच सोडवून ट्रेवर पसरतात. शेवटा नाही मिळाला तर बांगडा. त्याचं तोंड उघडलं की कल्ल्यांच्या कमानींवरचे लांब केस दिसतात, ती त्याची गाळणी. बांगड्याला एक पथ्य आहे: तो गरम जागी राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. बाजारातून बर्फातच आणा, वर्गाआधी तासभर बाहेर ठेवू नका, आणि वर्ग झाल्यावर 'सर, घरी नेऊ का?' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. हा प्रश्न नक्की येतो.

जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, मासळी महाग आणि कमी. हे प्रॅक्टिकल ऑगस्टनंतर घ्या, तोवर श्रावणही येऊन जातो. वार बघून ठरवा. सोमवार-गुरुवार पाळणारी घरं आपल्याकडे बरीच, म्हणून मी बुधवार धरायचो. ज्या मुलाला करायचं नाही त्याला कारण विचारू नका. शाकाहारी असेल, मळमळत असेल, नुसतं नको वाटत असेल. त्याला आकृत्या आणि व्हिडिओवरून तेवढेच गुण मिळतील असं आदल्या दिवशीच वर्गात सांगा, म्हणजे त्याला सगळ्यांसमोर हात वर करायची वेळ येत नाही.

हत्यारांबद्दल माझं मत जरा कडक आहे. अकरावीच्या मुलांच्या हातात स्काल्पेल देऊ नये. माशाला त्याची गरजच नाही, एक टोक बोथट असलेली कात्री पुरते. ती गुदद्वारापाशी घालायची, बोथट टोक आत आणि किंचित वर उचललेलं, म्हणजे आतडं फाटत नाही. तिथून पोटाच्या मध्यरेषेने कल्ल्यांपर्यंत यायचं, मग एका बाजूची भिंत वर उचलून कापायची. दुसरा हात कात्रीच्या वाटेत कधीच नको. तुम्हाला स्वतःला ब्लेड लावायचं असेल तर दांड्याला चिमट्याने लावा, बोटांनी नाही. शेवट्याच्या पाठीवरच्या पहिल्या पराला चार काटे असतात, ते आधी छाटून टाका, हातमोज्यातूनही टोचतात. टोचलंच तर साबणाने भरपूर धुऊन मुलाला आरोग्यकेंद्रात पाठवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं तिथे बघतील. ट्रेमध्ये थोडं पाणी घाला, अवयव तरंगून सुटे दिसतात. हातमोजे, चष्मा, बांधलेले केस, पायात बूट हवेतच. पावसात अर्धा वर्ग चपला घालून येतो, त्यांना आदल्या दिवशी सांगावं लागतं.

आमच्या वर्गात एक गंमत नेहमी व्हायची. घरी आजीबरोबर आदोळीवर (विळीवर) बसून मासे साफ करणारी मुलं दोन मिनिटांत पोट उघडून मोकळी व्हायची, आणि पहिल्या बाकावरचे हुशार घाबरून बसायचे. पण त्या सराईतांना थांबवावं लागतं, कारण त्यांना सगळं बाहेर काढून फेकायची सवय. 'काढू नका, आधी ओळखा' एवढं त्यांना शिकवलं की तेच उत्तम काम करतात.

मग बेडकाचं काय? अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात बेडूक आहेच. हृदयासाठी असं करा: माशाचं हृदय कल्ल्यांच्या मागे, गळ्याशी सापडतं, दोन कप्प्यांचं. त्याच दिवशी खाटकाकडून बकऱ्याचं आख्खं हृदय आणा, चार कप्प्यांचं, मधून उभं चिरलेलं. त्या दोघांच्या मधे मॉडेलवर बेडकाचं तीन कप्प्यांचं हृदय ठेवा: दोन अलिंद, एक निलय, मागे शिराकोटर (शिरांतलं रक्त जमा होणारी पिशवी). दोन हातात घेतलेली आणि एक पाहिलेलं, यांतून जे लक्षात राहतं ते एकट्या बेडकाने राहिलं नसतं. निवाहिका तंत्रं (पोर्टल सिस्टिम) आणि मूत्रजनन मार्ग मॉडेल आणि व्हिडिओवर घ्या. खरं सांगायचं तर जिवंत विच्छेदनातही ते निम्म्या वर्गाला कधीच नीट दिसायचे नाहीत.

आणि जिवंत बेडूक तुमच्या शेतात आहेच, तो न धरता बघायला कायद्याची ना नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या संध्याकाळी मुलांना बांधावर न्या. मोठ्या बेडकाचे नर त्या दिवसांत पिवळेजर्द झालेले असतात आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. बसलेल्या बेडकाचा गळा सतत हलताना दिसतो: त्याला फासळ्या नाहीत, मध्यपटल नाही, तो हवा तोंडाने फुप्फुसात ढकलतो. किडा गिळताना डोळे आत जातात, कारण डोळ्यांच्या दाबाने घास पुढे सरकतो. हे ट्रेवरचा मेलेला बेडूक दाखवूच शकत नाही. सड्यावरच्या (जांभ्या खडकाच्या पठारावरच्या) डबक्यांतही बघा. गोव्याच्या नावाचे दोन बेडूक शास्त्राला अलीकडेच कळले, गोमांतकी २०१५ मध्ये आणि गोंयची २०१८ मध्ये. तुमची सत्तरी तर घाटाच्या पायथ्याशीच.

बाहेर नेताना गमबूट आणि बॅटरी. पायाला जखम असलेल्या मुलाला चिखलात उतरवू नका, लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस या तापाचं) भय असतं. आणि जिथे बेडूक तिथे साप. ओडोमॉस फासलेल्या हातांनी कुणी बेडकाला हात लावायचा नाही, त्याची कातडी पाण्याबरोबर तेही आत ओढते. चुकून हाताळलाच तर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, बेडकांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो.

वर्ग संपल्यावर माशाचे अवशेष मांजरांच्या हाती लागू देऊ नका. कागदात गुंडाळून त्याच दिवशी माडाच्या मुळाशी खोल पुरा, ट्रे आणि हत्यारं साबणाने धुऊन ब्लीचच्या पाण्यात बुडवा, आणि मोडकी ब्लेडं कचऱ्यात न टाकता जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा. शिपायाचा हात कापतो तो कचऱ्यातूनच.